लेकीचं का सुनेचं?

मेहुण्याच्या नातवाच्या बारशाला मी व्याह्यांच्या डोक्यावर मोठ्या इतमामानं टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला, वाकून नमस्कारही केला. त्यांनी सारं शांतपणे करून घेतलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "पोरगं लेकीचं का सुनेचं?"

"अहो, लेकीचं! तुमचाच नातू."

"माहा कुठचा? मी तं मास्तर होय इथचा." त्यांचा चेहरा पडला. "लेकीचं म्हणजे कामाचं नाही. पट तिकडचा."

खरे व्याही त्यांच्या मागेच उघड्या डोक्यानं उभे होते. टोपी परत मागायची हिंमत माझी झाली नाही.

वानखडे सरांशी ही माझी पहिली भेट. अकोटपलीकडचं ते गाव म्हणजे माझी सासुरवाडी. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सर एकटेच. एका खोलीत चार वर्ग. पट म्हणजे शाळेत नाव घातलेली पोरं. तो फार घटला की शाळेला कुलूप. म्हणून गावात कुठं पाळणा बांधला की आमंत्रण असो नसो, सर हजर. लग्नात अक्षता टाकता टाकता नवरदेवाला विचारायचे, "गावातच राहान ना? का पुन्याले जाऊन राहिले?" इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन आली की तिला आडवे जाऊन आत डोकवायचे, आपली कोंबडी कोणी पळवली हे बघावं तसे.

एकदा मी शहाणपणा केला. "सर, पगार चांगला, सुट्ट्या चिक्कार. मजा आहे तुमची."

"पगार तं पोस्टातल्यालेही भेटते, जवाईबापू. त्याले पोरं घ्याले येतात काय फाट्यावर?"

ते खरं होतं. सर रोज अकोटहून एसटीनं येत. फाट्यावर उतरले की पोरं धावत सुटत. एक डबा घेई, एक छत्री, आणि ज्याच्या वाट्याला काहीच उरत नसे तो सरांचं बोट धरी.

या उन्हाळ्यात काही घरं कामासाठी पुण्याकडे गेली आणि शाळा बंद झाली. सरांना अकोटातच मोठी शाळा मिळाली, घरातून चालत जाता येईल अशी. अशा जागेसाठी मास्तर लोक देव पाण्यात घालून बसतात. मी पेढे घेतले आणि बायकोला घेऊन अभिनंदनाला गेलो.

"आता गरम जेवन भेटते यायले," सरांकडे हात करून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. सर पेढा हातात धरून बसले होते.

"आता तर पटच पट, सर!" मी म्हणालो.

"हो ना. वर्गात पोरं मावत नाहीत." पेढा बोटांत फिरवत म्हणाले, "परवा गेटातून शिरलो, तं एक पोरगी म्हने, अंकल, कोन पाहिजे?"

मी मोठ्यानं हसलो. सरही हसले. मग त्यांनी पेढा तसाच बशीत ठेवला आणि मला आमच्या गाडीची वेळ विचारली.

परतीच्या एसटीनं आम्ही अकोल्याला पोचलो. स्टँडवर उतरताना बायको पदर सावरत म्हणाली, "माणसाचं गाव गेलं, अन् तुमी पेढे घेऊन गेले."