राणीसाहेबांस ‘धसका’ या शब्दाचा अर्थ उमगला तें वर्तमान

श्रीकुलस्वामिनीचे चरणीं मस्तक ठेवोन, वडिलांचे मुखें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें असे. शके पंधराशें एकूणनव्वद, प्लवंगनाम संवत्सरीं, राज्याचे गादीवर मैनाबाईसाहेब विराजमान होत्या. बाईसाहेब मोठ्या धैर्याच्या. वैरी तटाखालीं आला असतां स्वतां घोड्यावर बसोन बाहेर निघाल्या आणि त्यास पिटाळोन परत आल्या, ऐसा लौकिक. त्या वर्षीं वैशाखमासीं वळवाचे मेघ दाटले आणि उत्तर बुरुजावर वीज पडली. तेथें हैबतजी नामें पहारेकरी होता. त्याचा सोबती बोलतां बोलतां जळोन गेला आणि हैबतजीस ओरखडाही न आला. परंतु ते दिवसापासोन आकाश निरभ्र असलें तरी बुरुजाची पायरी चढतां त्याचें अंग लटलटां कांपे. मग किल्लेदारानें भित्रा म्हणोन त्यास चाकरीवरून दूर केलें आणि त्याची बायको गोदूबाई सदरेस येऊन पदर पसरोन बोलिली, “आईसाहेब, धनी भित्रे नव्हेत. त्यांनीं धसका घेतला आहे.”

बाईसाहेबीं पुसिलें, “भय आणि धसका, यांत अंतर काय?”

सदरेचे शास्त्री बोलिले, “धक्का बसतो, सरकार, आणि धसका घेतला जातो. धक्का क्षणाचा, धसका बहुत काळाचा.”

“मला शास्त्र ठाऊक नाहीं,” गोदूबाई बोलिली. “भय समोर उभें राहतें, त्यावर काठी तरी उगारतां येते. हें तसें नाहीं. वीज केव्हांच पडोन गेली, पण यांच्या काळजांत ती अजून पडतेच आहे.”

बाईसाहेब हंसल्या. “आम्हांस उभ्या जन्मांत ऐसें कांहीं जाहालें नाहीं. कामचुकारांनीं काढिलेला शब्द दिसतो,” म्हणोन तिला निरोप दिधला.

मग कार्तिकमासीं एके पहाटे भूमि किंचित हालली. कोणी जागें जाहालें, कोणी कुशीस वळलें. सूर्योदयीं बाईसाहेब नित्याप्रमाणें राजतळ्यावर स्नानास गेल्या आणि पायरीवर पाऊल टाकितात तों खालीं पाणी नाहीं! समुद्रासारखें तळें, ज्याचा ठाव कोणीं पाहिला नव्हता, तें भूमीनें रातोरात गिळिलें होतें. खालीं पायऱ्यांखालीं पायऱ्या, आणि चिखलांत तडफडणारे मासे, आणि मध्यभागीं कोण्या काळचें देऊळ, ज्याची वार्ता पूर्वजांसही नव्हती, तें शेवाळलेल्या शिखरासह उन्हांत झळकत होतें. लोकांनीं हात जोडिले. बाईसाहेब तेथेंच खालीं बसल्या.

तथापि राज्य थांबत नाहीं. बाईसाहेबीं वाड्याच्या विहिरी रयतेस मोकळ्या केल्या आणि पश्चिमेस नवें तळें खणविलें, आणि दैवें तेथें झरा लागला. तळें भरलें आणि पूजेचा दिवस आला. वाद्यें वाजलीं. बाईसाहेब ओटी घेऊन पायऱ्यांवर आल्या. पाणी समोर निळें, निवांत, आणि पाऊल पुढें पडेना! एक पाय उचलिला आणि मागें घेतला. किल्लेदार धांवत आला. त्यास बाजूस सारोन बाईसाहेब बोलिल्या, “गोदूबाईस बोलवा. आणि तिच्या धन्यासही.”

दोघें आलीं. बाईसाहेब हलकेच बोलिल्या, “बाई, तुझा शब्द खरा. आम्हीं हंसलों, तें चुकलों. आतां पाणी दिसतें, आणि पाय ठेवितांच तें जाईल ऐसें वाटतें.”

हैबतजीनें मुजरा केला आणि वस्त्रांसकट पाण्यांत उतरला, आणि कमरेइतक्या पाण्यांत उभा राहोन बोलिला, “आईसाहेब, पाणी आहे. मी उभा आहें. यावें.” मग गोदूबाईचा हात धरोन बाईसाहेब एक पायरी उतरल्या, आणि थांबल्या, आणि दुसरी उतरल्या. पाणी पायांस लागलें, तेव्हां काठावरील हजारों माणसांदेखत बाईसाहेबीं ओटी अर्पिली.

सारांश, हैबतजीस नव्या तळ्याचा पहारा मिळाला. बाईसाहेबीं पुढें बहुत वर्षें राज्य केलें. सदरेस येऊन जो कोणी “धसका घेतला” ऐसें बोले, त्यास आधीं बसावयास पाट देत, आणि मग काय जाहालें तें पुसत. इतकें वर्तमान कळलें, तें लिहिलें. वाचणारांचें कल्याण असो.