कमळाकरच्या खिडकीतला भोपळा

कमळाकर नाइट शिफ्ट संपवून आनंदनगरच्या कंपनीतून घरी आला, चहा प्यायला आणि खिडकीचा पडदा ओढायला गेला. पडदा अडला. ग्रिलच्या दोन गजांमध्ये एक लाल भोपळा अडकून बसला होता. अर्धा घरात, अर्धा बाहेर.

वेल खालून चढला होता. बुवापाड्यातल्या त्यांच्या इमारतीमागचा उकिरडा उपसून तळमजल्यावरच्या यशोधराताईंनी बायकांच्या मदतीने तिथे भाजी लावली होती. "आपल्या पोरांनी काय खायचं ते आपण ठरवायचं," असं त्या सगळ्यांना सांगत.

कमळाकरने त्यांना वर बोलावलं. "ताई, हा कापा आणि घेऊन जा. मला झोपायचंय."

"कापा काय? रविवारी शेजारच्या बिल्डिंगला जेवायला बोलावलंय, त्यांनीही भाजी लावावी म्हणून. अख्खा भोपळा बघितल्याशिवाय ते लोक कुदळीला हात लावणार नाहीत. ग्रिल कापा."

"ग्रिल मी स्वतः वेल्ड केलंय!"

"मग रविवारपर्यंत राहू दे दोन्ही," म्हणत ताईंनी भोपळ्याचा फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत कमळाकरचे पायही आले होते.

दुपारपासून माणसं यायला लागली. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. कमळाकरची बायको प्रीती चहा करून दमली. लोक पलंगाच्या कडेला टेकायचे, कमळाकरच्या अंगावरून हात लांबवून भोपळ्यावर टिचकी मारायचे.

"सॉरी हां काका, आप सो जाओ," टिचकी मारणारा एक पोरगा म्हणाला.

पालेगावहून प्रीतीच्या सखूमावशी मुद्दाम बघायला आल्या. आयुष्यभर शेती केलेली बाई. त्यांनी भोपळा पाहिला, मग घोरणाऱ्या कमळाकरकडे पाहिलं.

"अगो बाय! यो घोरतय म्हनून त्यो फुगतय. ऊब लागतंय ना त्याला!"

मावशी गंमत करत होत्या. पण भोपळा दुसऱ्या दिवशी खरंच मोठा दिसला आणि मग कोणाला हसू येईना. लोक चवड्यावर चालत येऊ लागले. कमळाकर आंघोळीला उठला तरी कुणीतरी काळजीने म्हणायचं, "एवढ्यात उठलात?"

सगळे असे टक लावून बसल्यावर आता त्याला झोप कसली लागणार? पण घोरणं थांबलं की कुजबुज सुरू व्हायची, म्हणून तो बिचारा डोळे मिटून खोटंखोटं घोरू लागला. कंपनीत मात्र उभ्याउभ्या त्याची मान कलंडत होती.

"अहो, आज जरा जोरात घोरा," प्रीती कानाशी म्हणाली. "स्टेशनपलीकडून लोक आलेत."

रविवारी सकाळी कमळाकरने हॅक्सॉ काढला आणि कुणाला काही न विचारता आपल्याच ग्रिलचा गज कापला. भोपळा त्याच्या पलंगावर उतरला. त्याच्याच चादरीत घालून चौघांनी तो खाली नेला. दोन इमारती भाजी-भाकरीवर पोट भरून जेवल्या. काहींनी पुन्हा वाढून घेतलं. यशोधराताईंनी खतापासून पाण्यापर्यंत सगळं समजावलं. शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी नरेंद्र मन लावून ऐकत होते.

"पटलं ताई. आम्ही पण लावतो. एक दुधी तेवढा आधीच लावलाय, पण नुसता वेलच वाढतोय, फळ धरत नाही." मग ते कमळाकरकडे वळले आणि आदबीने म्हणाले, "दादा, आमच्याकडे दिवसाचे झोपायला याल का? वेल सोसायटीच्या गेस्ट रूमच्या खिडकीशीच आहे. पंखा आहे, जाड पडदे आहेत."

यशोधराताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, असं काही नसतं!" त्या सांगू लागल्या.

"तुम्ही थांबा ताई," कमळाकर घाईघाईने म्हणाला. "रूममध्ये येणंजाणं किती असतं?"

"कुणाला पाऊल टाकू देणार नाही. वेलाला डिस्टर्ब नको."

सोमवारी सकाळी कंपनीतून सुटल्यावर कमळाकर घरून उशी काखेत मारून शेजारच्या इमारतीत गेला. बाहेर नरेंद्र स्वतः स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. आतून पहिलं खरंखुरं घोरणं ऐकू आलं, तसे त्यांनी हात जोडले.

संध्याकाळी प्रीतीने विचारलं, "लागला का हो दुधी?"

"त्याला वेळ लागतो," कमळाकर आळस देत म्हणाला. "निदान शिफ्ट बदलेपर्यंत तरी."