चंद्रकांतेचं झाड
सकाळी दिवाकर भिंग घेऊन वाडीत गेला, तेव्हा कळी पुन्हा गायब होती.

ते झुडूप त्याने अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या जंगलातून मुळासकट आणलं होतं. कारवीच्या गोतातलं, पण पान वेगळं, खोड वेगळं, कुठल्याच पुस्तकात न सापडणारं. ज्या उतारावर ते मिळालं, तो पुढे दगडखाणीत गेला. म्हणजे आता जगात हे एकच उरलं असावं. मुंबईच्या सरांनी बजावलं होतं, "फूल दाखव, मगच नवी जात म्हणू." नाव दिवाकरने ठरवूनच ठेवलं होतं. आईचं. चंद्रकांता गेल्या माघात गेली होती.

बी.एस्सी. झालेला असल्यामुळे त्याने तपास पद्धतशीर केला. पहिला संशय गोगलगायींवर. झुडपाभोवती चुन्याचं कडं घातलं, तरी पुढची कळी गेली. मग उंदरांसाठी सापळा लावला. त्यात शेजारच्या हिल्डाबाईंच्या कोंबड्याचा पाय अडकला.

"माझा कोंबडा तुझ्या कळ्या खातो? अरे, तो तांदूळसुद्धा निवडून खातो!"

"सॉरी, आंटी."

"सॉरी काय? लंगडतोय बघ. नाताळपर्यंत धडधाकट राहायला हवा तो!"

शेवटी दिवाकरने घरातली मच्छरदाणी झुडपावर चढवली आणि कडांवर दगड ठेवले. बापलेकांना रात्रभर डास फोडून खात होते. सकाळी दगड जिथल्या तिथे, मच्छरदाणी ताठ, आणि आत कळी नाही. दगड उचलून परत जागेवर ठेवणारा कोंबडा नसतो, एवढा निष्कर्ष त्याला काढता आला.

त्याचे वडील पांडुरंग केळींना पाणी सोडत होते.

"आबा, कळी तुम्ही खुडता?"

"हो."

"अहो, पण का?"

"तूच बोललास ना, हे एकदाच फुलतं नि मरतं?"

"पण बी धरेल ना! बियांतून पोरं उगवतील."

"पोरं तर तिची हायेतच. तू हायेस. ती कुठं हाय?"

दिवाकर म्हणाला, "आईचं नाव छापून येईल, आबा. जगभर लोक घेतील."

"नाव घ्यायला मी हाय की."

त्यानंतर दोघं जेवायला बसत, पण झुडपाविषयी कोणी बोलत नसे.

भाऊबीज उलटल्यावर एका सकाळी पांडुरंगांनीच हाक मारली. "दिवाकर, कळी आलीय. मी हात लावला नाय. रविवारी सर येतायत ना तुझे? तोवर उमलेल. घे तुझं फूल." एवढं बोलून ते विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

दिवाकर भिंग घेऊन उकिडवा बसला. कळीच्या टोकाला जांभळी रेघ होती, तिच्यावर बारीक पांढरी लव. अशी रेघ याआधी कुणीही पाहिली नव्हती. तो बराच वेळ पाहत राहिला.

"झालं, आबा."

पांडुरंग वळले. झुडूप हिरवंगार उभं होतं. मिटलेली कळी दिवाकरच्या चिमटीत होती.

"अरे! उमलायची होती ना अजून?"

"हो."

"मग सरांना काय सांगशील?"

"सांगेन, यंदा फुललं नाही."

पांडुरंग खाली वाकून खुडलेली जागा बघू लागले. दिवाकरने नाक पुसलं.

"पुढची तुम्हीच खुडा, आबा. माझ्या हातून देठ चिरडला."