काव्रेनाच्या मरियमचं नाक

जुन्या वस्तूला इतिहास असावा लागतो, आणि तो विकणाऱ्याच्याच घराण्याचा असला तर भाव बरा येतो. काउंट बेल्फान्तींना आमच्या पादोवाच्या संग्रहालयाकडून चाळीस हजार युरो मिळायचे होते. वस्तू तळहाताएवढी: पाचशे वर्षांचा ब्राँझचा मूर्तिपट, त्यावर बाळाला घेतलेली मरियम. अडचण पाठीवर होती. तिथे कुणीतरी टोच्याने कोरलं होतं: ‘काव्रेना गावच्या लोकांचा. नेईल त्याने परत आणावा.’ (काउंटच्या आजोबांनी तो त्या गावच्या चर्चमधून ‘उजळून आणतो’ म्हणून नेला होता. उजळणं हे सावकाशीचं काम आहे.)

मग मानधन देऊन प्रोफेसर झानोनींना नेमण्यात आलं. त्यांनी सिद्ध केलं, की त्या काळचे विद्वान आपल्या ग्रंथांवर ‘अमक्याचा आणि त्याच्या मित्रांचा’ असं लिहीत. सबब ‘गावचे लोक’ म्हणजे बेल्फान्तींचे मित्र. ‘परत आणावा’ हा विनोद.

राहिलं मरियमचं नाक. ते झिजून सपाट झालेलं. प्रोफेसरांच्या मते, बेल्फान्ती घराण्याच्या भक्तीने. घराण्यात माणसं सहा. एवढ्यांनी ते झिजवायचं तर पिढ्यान् पिढ्या जेवणखाण सोडून मुके घ्यायला हवे होते. (बेल्फान्तींची अंगकाठी पाहता, जेवण सोडल्याचा पुरावा नाही.)

गावचा सण तोंडावर आला, तेव्हा काव्रेनाच्या चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी म्हातारी ओत्ताविया बसने संग्रहालयात आली.

“प्रोफेसरसाहेब, दर रविवारी प्रार्थनेत मुका घ्यायला हा हातोहात फिरायचा. ते नाक माझ्या आजीनं, आईनं झिजवलंय. लहानपणी मीसुद्धा. सणाला तरी द्या.”

“कागद आहे काही?”

“मागे कोरलंय की!”

“तो विनोद आहे, बाई.”

“मग हसा ना. तुमचं हसून होईतो बसते मी इथं.”

ती दारं बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसली. कुणी हसलं नाही.

आता पट काचेत आहे, पाठ भिंतीकडे. शेजारी पाटी: ‘मूळ मालक: बेल्फान्ती घराणं. हात लावू नये.’ सणाच्या दिवशी ती बाई तिकीट काढून येते आणि काचेवर ओठ टेकते. रखवालदार लगेच फडकं मारतो. (आमचं संग्रहालय स्वच्छतेबद्दल नावाजलेलं आहे.)

तर हिशेब असा. काउंटला चाळीस हजार, प्रोफेसरांना मानधन, संग्रहालयाला कीर्ती. चाळीस हजार करातून आले (काव्रेनाही कर भरतं), तिकिटाचे रोख. काउंटचं नाव तुमच्या ध्यानात आहे, प्रोफेसरांचंही. त्या बाईचं बघायला मात्र गोष्टीत मागे जावं लागलं ना?

पैसे भरले तिने.