बारकी उपाशी आहे

मुक्या प्राण्याला आपली भूक सांगता येत नाही, ही सृष्टीतली फार जुनी त्रुटी आहे. आजवर मांजरं पायात घोटाळून, ओट्यावर चढून आणि पहाटे कानाशी ओरडून ती कशीबशी भरून काढत आली. पण या पद्धतीत नोंद राहत नाही. आणि नोंद नसलेली भूक ही शास्त्राच्या दृष्टीने निव्वळ अफवा असते.

ही अफवा मिटवण्याचं काम निर्मळ गावच्या आमच्या आळीतल्या अक्षदाने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हाती घेतलं. अक्षदा मुंबईला डिझाइन शिकते. डिझाइन म्हणजे चित्रकला नव्हे, हे तिने आम्हाला चार वर्षांत अनेकदा समजावलं आहे. (आम्ही दर वेळी मान डोलावतो आणि गणपतीचं मखर रंगवायला तिलाच बोलावतो.)

तिच्या मार्गदर्शक विनया मॅडम. त्यांची पहिलीच आज्ञा अशी की, वापरणाऱ्याच्या नजरेने जग बघ. वापरणारी म्हणजे बारकी नावाची मांजर, म्हणून अक्षदा चार दिवस घरभर रांगली. त्यातून एकवीस निष्कर्ष निघाले. एकविसावा असा की, मांजराला भूक लागते. आधीचे वीस फ्रिजखाली सापडलेल्या वस्तूंविषयी आहेत.

या अभ्यासातून ‘सुग्रास’ जन्माला आला. दिसायला वाडगा, पण त्याला झाकण, झाकणावर कॅमेरा आणि पुढे मांजराने उभं राहायला वजनकाटा. मांजराचा चेहरा ओळखला की झाकण उघडतं, चाळीस ग्रॅम खाणं पुढे येतं आणि किती खाल्लं त्याची नोंद होते. सहा तास खाल्लं नाही तर मालकाच्या मोबाइलवर सूचना येते : ‘तुमची लाडकी उपाशी आहे.’ सोबत एक करुण म्यॅव. देवळातल्या कीर्तनकार बुवांनी निरूपणात भूक कितीही रंगवली तरी मागच्या खांबाशी बसलेल्या दोघा-तिघांचा डोळा लागतोच. या म्यॅवपुढे मात्र कुणाची टाप नाही.

कॉलेजच्या अटी सोप्या होत्या. चाचणी चौदा दिवस. मालक किमान पंधरा. आणि मांजराने एकदा तरी वाडग्यातलं पूर्ण खाल्ल्याची यंत्राची नोंद. ती नसेल, तर अक्षदाचं वर्ष फुकट.

अर्जात एका मांजरामागे मालकाचं नाव लिहायला एकच ओळ होती. बारकी सकाळी अक्षदाच्या आईकडे, म्हणजे जयवंतीवहिनींकडे असते, दुपारी देवळाची फुलं बघणाऱ्या रामनाथकाकांकडे, संध्याकाळी ॲन्सेल्म अंकलकडे (तिथे तिला ज्युली म्हणतात), आणि उरलेला वेळ इतर चौदा घरांत समप्रमाणात. न्यायाला धरून सतराही घरं मालक म्हणून नोंदली गेली. पंधराची अट आम्ही दोनने ओलांडली. निर्मळची माणसं सहकार्यात कमी पडत नाहीत.

पहिल्याच दिवशी, सकाळी अकरा वाजता, सतरा मोबाइल एकदम म्यॅव म्हणाले. सतरा दारं उघडली.

पुढचं निव्वळ गणित आहे. सूचना आली की सगळे बारकीला खाऊ घालत. पोट भरलं की ती वाडग्याकडे बघत नसे. वाडगा तसाच राहिला की सूचना येई. पाचव्या दिवसअखेरची आकडेवारी अशी : सूचना वीस, वाडग्यातून खाल्लेलं शून्य ग्रॅम, बारकीचं वजन (दुपारची झोप ती काट्यावरच घेते) तीन किलो चारशेवरून चार किलो सहाशे. यंत्राच्या मते ती केवळ हवेवर वाढत होती. हा योग पूर्वी फक्त हिमालयात साधत असे.

सहाव्या दिवशी ॲन्सेल्म अंकलच्या ओट्यावर सभा भरली. अक्षदाने हात जोडले. “कुणीही तिला जेवायला घालू नका. प्लीज. माझं वर्ष आहे हो!” सगळे गहिवरले. रामनाथकाकांनी तुळशीची शपथ घेतली, अंकलनी गळ्यातल्या क्रुसाची.

सातव्या दिवशी वजन शंभर ग्रॅमने वाढलं. अक्षदाने चौकशी लावली.

“मी कुठे जेवायला घातलं?” जयवंतीवहिनी म्हणाल्या. “वाटीभर दूध दिलं. दूध पितात, अक्षू.”

रामनाथकाका म्हणाले, “नैवेद्याचा शिरा होता गो. प्रसादाला जेवण म्हणू नये, पाप लागतं.”

“मी केकचा तुकडा वास घ्यायला दिला,” ॲन्सेल्म अंकल म्हणाले. “तिने तो जरा खोलवर घेतला.”

पाचूबंदरहून मासळी घेऊन येणाऱ्या कृष्णाबाई मालकांच्या यादीत नव्हत्याच. पण वहिनींच्या ओट्यावर पाटी उतरवताना त्याही म्यॅव ऐकत.

“अगो बाय, बांगड्याचं डोकं म्हनजे काय जेवान हाय? मोबाइल कानाशी वरडतो उपाशी हाय म्हनून, मंग माजा हात कसा थांबल?”

“पण ती उपाशी नाहीये, मावशी! जरा बघा तरी तिच्याकडे!”

“मंग मोबाइल खोटं बोलतो काय? तूच केलास नं तो?”

अक्षदाने हे वाक्य टिपून घेतलं. (डिझाइनच्या शास्त्रात याला ‘अभिप्राय’ म्हणतात आणि तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावतात.)

चौदावा दिवस उजाडला. वाडग्यातलं खाणं अजून शून्य. अक्षदा पहाटेपासून वाडग्यासमोर ठाण मांडून बसली. येणारा-जाणारा दारातून डोकावून आस्थेने विचारी, “खाल्लं का गो तिने?” ती म्हणे, “नाही अजून.” दुपारपर्यंत सतराही घरांनी विचारपूस केली. एकेकाने दोनदा केली.

त्याच दिवशी देवळातल्या सप्ताहाचं शेवटचं कीर्तन होतं. पाच वाजता अख्खी आळी तिकडे गेली. (ॲन्सेल्म अंकलसुद्धा, लाउडस्पीकर त्यांचा.) मोबाइल बंद करून चपलांपाशी ठेवायचे, ही बुवांची अट. विषय अन्नदानाचा. दारी आलेला जीव उपाशी जाऊ नये, हे बुवांनी असं काही आळवलं की पहिल्या रांगेत माझाच रुमाल भिजला. टाळ थांबले, आरती झाली. बाहेर येऊन मोबाइल सुरू केले, तर सगळ्यांवर एकच ओळ : ‘अभिनंदन! चाळीस ग्रॅम फस्त.’ जयघोष झाला. पेढे तर प्रसादाचे हातात होतेच.

परीक्षकांनी अक्षदाला विशेष प्रावीण्य दिलं. नोंदीसोबत यंत्राने आपोआप काढलेला फोटो त्यांना फार आवडला. ‘प्राणी आणि माणूस यांतलं हृद्य नातं’ असा शेरा त्यावर आहे. फोटोत पुढे बारकी, पाच किलो दोनशे, काट्यावर गाढ झोपलेली. (मिटल्या डोळ्यांचा चेहराही ओळखणं, हे सुग्रासचं वैशिष्ट्य.) तिच्या मागे अक्षदा. एक हात वाडग्यात, दोन्ही गाल फुगलेले.

मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, “काका, पहाटेच्या चहावर होते. चक्कर यायला लागली. मीठ कमी आहे त्यात, बाकी वाईट नाही.”

आळीला मी दोष देत नाही. आणि वाचकहो, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. ती मुलगी पहाटेपासून तिथे बसली आहे, हे तुम्ही वाचलंत आणि तुम्हीही मांजराचीच काळजी करत पुढे गेलात. अक्षदाच्या नावाची सूचना तुम्हाला तरी कुठे आली होती?