दादाची रेघ आणि माझी फरशी

रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून मी म्हणालो, "चला, आवरा! आज काळीजतोडमध्ये बसायचं!" बस्स, एवढंच. पण या एका वाक्यापायी संध्याकाळपर्यंत मी एका खांबाशी भांडलो, शंभर माणसांसमोर गुडघ्यावर बसून जमीन मोजली आणि हवेत उलटा लटकून असा ओरडलो की माझा आवाज तीन दिवस बसला.

आधी आमची ओळख करून देतो. दादा सुतार, मी फरशी बसवतो. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, त्यामुळे घरातली सगळी हुशारी त्याने आधी येऊन उचलली. मी पाचवीत शाळा सोडली. (शाळेचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, तिने मला सोडलं.) मला मिळाली फक्त उंची. मी दादापेक्षा बोटभर उंच आहे. हे मी हवेत बोलत नाही. आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर आम्हा दोघांच्या रेघा आहेत, दादाने स्वतःच्या हाताने मारलेल्या. माझी वर, त्याची खाली. घरी कोणीही आलं की पाणी द्यायच्या आधी मी त्या रेघा दाखवतो.

त्याच चौकटीवर खाली एक तिसरी रेघ आहे. ती मुंगीची. मुंगी म्हणजे दादाची धाकटी, वय वर्षं सहा. मागच्या वर्षी दादाला त्या मोठ्या खेळबागेत काम मिळालं होतं. काळीजतोड नावाचा जो उलटासुलटा फिरणारा पाळणा आहे, त्याच्या रांगेसाठी लाकडी कठडा करायचा होता. काम संपलं त्या दिवशी दादा घरी आला, टेप काढली, कानावरची लाल पेन्सिल घेतली आणि चौकटीवर रेघ मारली.

"मुंगे, तिथल्या खांबाएवढी ही रेघ. तुझं डोकं हिला लागलं की काळीजतोड. बाबाचा शब्द."

"वरून काय दिसतं, बाबा?"

"आपल्या घरावरची निळी टाकी."

तेव्हापासून मुंगी रोज सकाळी दात घासायच्या आधी चौकटीला पाठ लावून उभी राहायची.

सात महिन्यांपूर्वी दादा गेला. चार दिवसांचा ताप आला आणि पाचव्या दिवशी दादा नव्हता. याच्यापुढे लिहायला गेलो की माझं अक्षर बिघडतं. (आधीच ते कोणाला लागत नाही.)

तो गेल्यावर माझ्या हातांचं काय करावं ते मला कळेना. तिसऱ्या आठवड्यात मी कोणालाही न विचारता आतल्या खोलीत नवी फरशी घातली. जुनी फोडायचा आवाज नको म्हणून तिच्या वरच घातली. काम असं झालं की पाणसळ ठेवा, आतला बुडबुडा मधोमध झोपलेला सापडेल. नंतर दार अडकायला लागलं, म्हणून दार खालून कापलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दार दादाने केलेलं होतं. पण ते असो. सांगायचं एवढंच की फरशी फार सुंदर झाली आहे.

तर त्या रविवारी मुंगी रेघेला लागली. मी स्वतः तिच्या डोक्यावर वही आडवी धरून पाहिलं.

"भावजी, आजच?" वहिनी म्हणाल्या.

"आजच! दादाचा शब्द आहे."

"मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय," मुंगी म्हणाली. "बाईंनाही."

मुंगीच्या मोठ्या भावाला आम्ही हवालदार म्हणतो. वय आठ. त्याला जगातले सगळे नियम वाचायला आवडतात, मोडायला एकही नाही. तो बूट घालून आमच्या आधी दारात उभा होता.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझे खिसे तपासले.

"हे काय?"

"टेप." (दादाची. हल्ली माझ्या खिशात असते.)

"आणि हे?"

"पाणसळ."

"बागेत फिरायला आलात की बाग बांधायला?"

आत हवालदार प्रत्येक पाटीपाशी थांबत होता. "काका, इथे पळायचं नाही. काका, यावर चढायचं नाही. काका, तुम्ही ज्यावर बसलाय ते झाड आहे."

काळीजतोडची रांग तासाभराची होती, पण मला ती दहा मिनिटांची वाटली. कारण त्या रांगेला कठडा होता, आणि कठडा दादाचा होता. मी पुढच्या गृहस्थांना म्हणालो, "हात फिरवून बघा. माझ्या दादाने केलाय. एक कुसळ लागलं तर नाव बदलीन."

त्यांनी हात फिरवला.

"आता खालून."

त्यांनी खालून फिरवला.

"आता जोडाजवळ फिरवा. जोड कळतो का?"

"नाही कळत हो," ते म्हणाले. "पण तुम्ही पुढे बघू दिलंत तर रांग सरकलेलीही कळेल."

वहिनी कठड्यावर हात ठेवून चालत होत्या. शेवटपर्यंत त्यांनी हात उचलला नाही. मला वाटलं, शंभर माणसं रोज या लाकडाला धरून उभी राहतात आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नसतं. म्हणून मी मागच्या लोकांनाही सांगितलं. त्यांच्याही मागच्यांना सांगायला निघालो तेव्हा हवालदार म्हणाला, "काका, रांग सोडली की नंबर जातो. पाटीवर लिहिलंय."

रांगेच्या टोकाला तो खांब होता. पिवळा खांब, त्यावर रंगवलेलं अस्वल, आणि अस्वलाचा लाकडी हात बाहेर आलेला. मुलांनी त्या हाताखाली उभं राहायचं. डोकं लागलं तर आत, नाही तर घरी. शेजारी शिट्टी गळ्यात घातलेला एक म्हातारा कामगार बसला होता.

"बूट काढ, बाळा. इथे बुटांची उंची धरत नाहीत."

मुंगीने बूट काढले, पाठ ताठ केली, श्वास आत घेतला. अस्वलाचा हात तिच्या डोक्यावर होता, पण डोक्याला लागत नव्हता. मध्ये हवा होती. शिट्टीवाल्याने त्या हवेत बोटं घालून पाहिली.

"दोन बोटं कमी. पुढच्या वर्षी ये हं."

मला वाटलं आता पोर भोकाड पसरणार. पण मुंगी रडली नाही. तिने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काका, बाबाने रेघ खोटी मारली?"

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

"खांब चुकलाय!" मी ओरडलो. "तुमचा खांब खोटा आहे!"

"अहो, खांब कसा खोटा असेल?"

"मग जमीन खचलीय! खांब वर राहिला आणि जमीन खाली गेली!" मी गुडघ्यावर बसलो आणि पाणसळ जमिनीवर ठेवली.

"सकाळपासून दोनशे पोरं आत गेली. त्यांच्या पायाखाली जमीन वर होती का?"

मागे लोक हसायला लागले. बुडबुडा मधोमध होता, त्यामुळे मला आणखीच राग आला. मी उठलो आणि म्हणालो, "कोणत्या गाढवाने बसवला हा खांब?"

शिट्टीवाला ताडकन उभा राहिला. "ए, तोंड सांभाळ! त्या माणसाला गाढव म्हणायचं नाही. मागच्या वर्षी कठड्याला सुतार आला होता, त्याने बसवला. जुना वाकला होता. ते त्याचं काम नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. म्हणाला, पोरांच्या जिवाचा मामला आहे, बोटभरही चुकता कामा नये. तीनदा मोजला. मला बूट काढून याच्याखाली उभं केलं. असा कारागीर मी आयुष्यात बघितला नाही, आणि तू त्याला..."

मी खांबाच्या मागे गेलो. तळाशी, रंग लावायचा राहिला होता तिथे, लाल पेन्सिलीची खूण होती. बरोबरची खूण आणि तिच्या पोटात टिंब. काम मनासारखं झालं की दादा ती करायचा. वहिनी खाली वाकल्या, त्यांनी त्या टिंबावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

उभ्या जन्मात दादाला कोणी गाढव म्हटलं नव्हतं. पहिला मान मला मिळाला.

मी दादाच्या टेपने खांब मोजला. एकशे वीस सेंटिमीटर. केसाचाही फरक नाही. म्हणजे खांब खरा. मग रेघ? मुंगी एक बूट हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, दादा जाऊन सात महिने झाले, आणि आज या पोरीच्या मनातून तो दुसऱ्यांदा जातोय.

तेवढ्यात हवालदार पुढे आला.

"काका, तुम्ही आतल्या खोलीचं दार खालून कापलं ना?"

"हो. आता त्याचं काय?"

"किती कापलं?"

"दोन बोटं."

"का कापलं?"

"का म्हणजे? फरशी दोन बोटं वर आली म्हणून..."

"आणि मुंगी कशावर उभी राहून मोजते?"

मी खाली माझ्या पायांकडे पाहिलं. पुढचे गृहस्थ (ज्यांचे हात मी कठड्यावर झिजवले होते) म्हणाले, "अरेरे."

"भावजी," वहिनी खालूनच म्हणाल्या, "जुनी फोडून घाला, असं म्हणणारं घरात कोणीतरी होतं. पण तुम्ही विचाराल तेव्हा ना."

मी मुंगीसमोर बसलो. "मुंगे, खांब खरा आहे. बाबाची रेघही खरी आहे. माझी फरशी चुकली."

"मोठ्याने सांगा. त्यांना ऐकू गेलं नाही," मुंगीने रांगेकडे बोट दाखवलं.

मी उठलो आणि सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं, "हा खांब माझ्या दादाने बसवलाय आणि तो बरोबर आहे! घरची रेघही त्यानेच मारलीय आणि तीही बरोबर आहे! फरशी मी घातली, आणि गाढव मी आहे!"

शिट्टीवाला माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. "तू त्याची होय?" एवढंच म्हणाला.

मुंगी बूट घालत होती. तिने नाडी बांधली आणि निकाल दिला.

"मग तुम्ही बसा, काका. तुमची उंची पुरते. वरून टाकी दिसते का ते बघून सांगा."

आता एक गोष्ट कबूल करतो. मी फरशीचं काम निवडलं कारण जमिनीवरून खाली पडता येत नाही. स्टुलावर चढलो तरी मला देव आठवतो. मी आशेने हवालदाराकडे पाहिलं.

"मी आलो असतो," तो गंभीरपणे म्हणाला, "पण आईजवळ एक पुरुष माणूस पाहिजे."

मी बसलो. छातीवर दांडा आला. पाळणा वर चढायला लागला तेव्हा डोळे घट्ट मिटायचे असं मी ठरवलं होतं, पण मग टाकी कोण बघणार? अगदी टोकावर, जिथे तो क्षणभर थांबतो, तिथे मी डोळे उघडले. सगळी छपरं खाली पसरली होती. आणि त्या गर्दीत, नखाएवढी, निळी टाकी.

"दादा!" मी ओरडलो. "दिसली रे दादा!"

मग पाळणा खाली सुटला, आणि पुढचं माझ्या हातात नव्हतं.

सात महिन्यांत ती हाक माझ्या तोंडून निघाली नव्हती. कोणाला मारायची? त्या दिवशी साठलेली सगळी निघाली. वर, खाली, आडवा, उलटा. ज्याने मला हाताला धरून चालायला शिकवलं त्याला मी पाय आकाशात असताना हाका मारत होतो.

खाली उतरलो तेव्हा मी आधी जमिनीला हात लावून पाहिला.

"दिसली?" मुंगीने विचारलं.

"दिसली. बाबा म्हणाला तश्शी. निळी."

तिने मान हलवली, जणू तिला यात कधी शंकाच नव्हती. "एकोणीस वेळा," ती म्हणाली.

"काय?"

"दादा म्हणून ओरडलात. शेवटी एकदा आई म्हणूनही ओरडलात, पण ते मी धरलं नाही."

आणि वहिनी हसल्या. कठड्याला धरून, डोळ्यांना पदर लावून हसल्या. पुढचे गृहस्थही हसले. मला एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. आमच्या घरात दोनच कारागीर, आणि त्यातल्या एकाने उभ्या आयुष्यात एकही माप चुकवलं नाही.

घरी आल्यावर मी छिन्नी-हातोडा काढला. "फरशी उखडतो."

"खबरदार," वहिनी म्हणाल्या. "दार कापलंत तेवढं पुरे. हवालदारा, बाबाच्या रेघेच्या वर दोन बोटं दुसरी रेघ मार. बाबाची पुसू नकोस."

माझ्या हातात पेन्सिल द्यायला कोणी तयार नव्हतं. हवालदाराने रेघ मारली. मुंगी खाली उभी राहिली, दोन बोटं हवा शिल्लक. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. मग तिची नजर वर गेली. "काका, आता तुमची रेघ."

मी छाती फुगवून चौकटीला उभा राहिलो. फरशी वर आलेली, तेव्हा मी माझ्या रेघेच्या दोन बोटं वर जायला हवा होतो. हवालदार स्टुलावर चढला.

"काका, तुम्ही बरोब्बर रेघेला लागताय."

"शक्य नाही! परत बघ."

त्याने तीनदा बघितलं. (बापावर गेलाय.)

"म्हणजे खरी उंची दोन बोटं कमी. म्हणजे तुम्ही बाबापेक्षा बोटभर बुटके."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या भांडं पुसत होत्या, एकच भांडं, कधीच्या.

"वहिनी, ही रेघ मारली तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"होते. लग्नाला महिना झाला होता. तुम्ही सतरा वर्षांचे. पहिल्या कमाईचे जाड टाचांचे बूट घालून उभे होतात. मी म्हणणार होते, पण ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. नंतर म्हणाले, राहू दे, वाढू दे त्याला."

म्हणजे जन्मभरात दादाने एकच माप चुकवलं होतं, ते मुद्दाम, आणि माझं.

मी तोंड फिरवून समोरच्या भिंतीकडे वळलो. मागे पेन्सिलीची कुरकुर ऐकू आली. वळून पाहिलं तर हवालदार माझ्या रेघेसमोर काहीतरी लिहीत होता. त्याचं बारीक अक्षर मला लागेना.

"काय लिहिलंस रे?"

तो स्टुलावरून उतरला, पेन्सिल बापासारखी कानावर ठेवली आणि म्हणाला, "बुटांसकट."