संत्रं तरंगतं

बालवर्ग राहणार की बंद होणार, हे शुक्रवारी अकरा वाजता एका प्लॅस्टिकच्या टबात ठरणार होतं, आणि टबाला भोक होतं. पावणेअकरापर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर त्या टबात कुणी पाणीच घातलं नव्हतं.

शाळेच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या ओलसर खोलीत हा वर्ग भरे. पटावर मुलं अकरा. वरच्या ऑफिसला ती खोली जुन्या फायली ठेवायला हवी होती. वर्गाच्या बाईंची तिथं एकोणीस वर्षं गेली होती. वर्ग बंद झाला तर त्यांची रवानगी आवक-जावकच्या टेबलावर होणार होती, लिफाफ्यांवर शिक्के मारायला. त्या टेबलावरून जाणंही बाई टाळत. चार वर्षांच्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाशी त्यांचं फारसं जमतही नव्हतं.

त्यात पत्र आलं. मुलं स्वतःच्या हातांनी करून, अनुभवातून शिकतात की नाही हे पाहायला तपासणीस साहेब येणार, आणि त्यांच्या अहवालावर वर्गाचं भवितव्य ठरणार. बाईंच्या वर्गात आजवर मुलांच्या हातांना एकच काम होतं, ते म्हणजे घडी घालून बसणं.

बाईंनी कपाटातून कृतींचं पुस्तक काढलं आणि त्यातली सर्वांत सोपी कृती निवडली: काय बुडतं, काय तरंगतं. दगड, चावी आणि चमचा बुडतात. बूच, मेणबत्ती आणि संत्रं तरंगतात. पुस्तकात पुढं लिहिलं होतं, ‘मुलांना मनसोक्त करू द्यावे.’ पण पाणी म्हटलं की मुलं भिजणार, भिजली की शिंकणार, शिंकली की आया भांडायला येणार. म्हणून बाईंनी पंधरा दिवस कोरड्या टबावर तालीम घेतली. त्या दगड उचलून धरत, मुलं ओरडत, “बुडतो!” त्या संत्रं उचलत, मुलं ओरडत, “तरंगतं!” आठव्या दिवशी तर बाईंनी वस्तू उचलायच्या आधीच उत्तर येऊ लागलं. बाईंना फार समाधान वाटलं.

एकटी गप्पू ओरडत नसे. गप्पू हे तिला वर्गानं दिलेलं नाव. ती दाराजवळ बसून टबाकडे बघत राही. बाईंनी तिला दोनदा रागावून पाहिलं आणि मग हात टेकले.

शुक्रवार उजाडला तो मळकट. खोलीत सकाळपासून दिवा लावावा लागला. पावणेअकराला मावशींनी, म्हणजे वर्गाच्या मदतनीस बाईंनी, दोन बादल्या टबात ओतल्या, आणि पाणी मुकाट्यानं खालून फरशीवर आलं.

“अगं बाई, गळतोय की हा!” मावशी म्हणाल्या.

“आता? आता काय करायचं?” बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

“थांबा हो.” मावशींनी इकडे तिकडे पाहिलं, हाताला लागलं ते बूच उचललं आणि भोकात दाबून बसवलं. गळती थांबली.

“मावशी, ते बूच तरंगायचं होतं!”

“मग काढू?”

“नको! नको. मेणबत्ती आहे, संत्रं आहे.”

“मेणबत्ती काल दिवे गेले तेव्हा लावली ना आपण. संपली.”

म्हणजे बुडायला तीन वस्तू आणि तरंगायला एकटं संत्रं उरलं. बाई फरशी पुसत मनाची समजूत घालत होत्या, तेवढ्यात तपासणीस साहेब दारात उभे राहिले. उंच, वाकलेले, कुणाच्या तरी मयताहून थेट आल्यासारखे. कागदाचा पुठ्ठा काखेत धरून ते मुलांच्या खुर्चीत बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले, पण त्यांचा चेहरा काही बदलला नाही.

“करा सुरू,” ते म्हणाले.

दगड बुडाला. चावी बुडाली. चमचा बुडाला. दर वेळी अकराजणांतल्या दहाजणांनी खोली दणाणून सोडली. साहेबांनी मान हलवली. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मागं न बघता हात पसरला. “मावशी, संत्रं द्या.”

मावशींनी ते बशीतून पुढं केलं. साहेबांना द्यायचं असेल, या समजुतीनं त्यांनी ते व्यवस्थित सोललं होतं. सालीही बशीत नीट मांडल्या होत्या. बाईंनी ते पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. संत्रं हातातून सुटलं होतं.

ते सरळ तळाला गेलं.

“तरंगतं!” दहा मुलं एका आवाजात ओरडली.

साहेब पुढं वाकले. “बुडालं की.”

“तरंगतं!” मुलं पुन्हा ओरडली. त्यांतला भोंगा म्हणून प्रसिद्ध असलेला मुलगा तर उभा राहिला. “संत्रं तरंगतं साहेब! बाईंना विचारा!”

“अरे, पण खाली बघ ना. कुठंय ते?”

भोंग्यानं खाली पाहिलं. संत्रं चमच्याशेजारी स्वस्थ बसलं होतं. त्यानं बाईंकडे पाहिलं, मग डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, “तरंगतं.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ग गेल्याचं दुःख होतंच, पण त्या मिटलेल्या डोळ्यांचं जास्त होतं. हे आपणच शिकवलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं आणि रडू आवरेना.

तेवढ्यात दाराजवळची गप्पू उठली. बशीतली साल तिनं पाण्यात सोडली. साल तरंगली. तिनं ती दाबून तळाला नेली, सोडली. साल पुन्हा वर आली.

“त्याचा कोट काढला,” गप्पू म्हणाली. “म्हणून बुडलं.”

वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. साहेबांनी खुर्ची टबाजवळ ओढली. मग त्यांनी पेन पाण्यात सोडलं. बुडालं. चष्म्याचं घर सोडलं. तरंगलं. “अरेच्चा,” ते इतक्या दुःखी आवाजात म्हणाले की तो आनंद आहे हे कळायला वेळ लागला. दहा मुलांनीही घड्या सोडल्या, अन् बूट, डबे, रुमाल, जे हाताला लागेल ते टबात पडू लागलं.

“आणखी काय बुडतं सांगा?” साहेबांनी विचारलं.

“शाळा!” भोंगा म्हणाला. “उठायला उशीर झाला की आई म्हणते, आज शाळा बुडली.”

“बुडते खरी,” साहेब म्हणाले, आणि पुठ्ठा काखेत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. तो टबात होता. कुणीतरी कागदही घालून पाहिला होता. तो जरा वेळ तरंगला, मग निळी शाई सोडत खाली चालला.

बाईंनी झडप घालून तो काढला आणि झटकताना त्यांना वाचता आलं. ‘प्रत्यक्ष पाहणीअंती वर्ग बंद करावा.’ खाली सही होती, आणि तारीख गुरुवारची.

“साहेब, हे कालच लिहिलंय.”

साहेब ओशाळले. “फॉर्म मोठा असतो हो. मी आदल्या दिवशी भरून ठेवतो.” मग त्यांनी टबातल्या संत्र्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

साहेबांनी खिशातून कोरा फॉर्म काढला, बाईंचं पेन घेतलं. मग ते गप्पूकडे वळले. “काय गं, तुझी ही शाळा बुडेल की तरंगेल?”

गप्पूनं ओलसर भिंतींवरून नजर फिरवली.

“घालून बघायला लागेल,” ती म्हणाली.

सोमवारी हुकूम आला. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. वर्ग आणखी एक वर्ष चालवून पाहावा. शिक्षिकेस कृतीतून शिक्षणाच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणास तातडीने पाठवावे. तोवर वर्ग, सोललेल्या संत्र्याचा अभिनव प्रयोग योजणाऱ्या मदतनीस यांनी सांभाळावा.

बाईंनी कागद मावशींच्या हातात दिला आणि पर्स उचलली. मावशी वाचता वाचता मटकन खाली बसल्या.

“अहो बाई, मी कशी शिकवू? मला कुठं उत्तरं माहीत आहेत?”

“नाहीत ना,” बाई म्हणाल्या, “म्हणूनच तुम्हाला ठेवलंय.”